नाटक बसवताना : प्रश्न वाचकांचे

पावसाळा लागला की मराठवाड्यातल्या महाविद्यालयांत युवक महोत्सवाची आणि गावोगाव गणेशोत्सवाची तयारी सुरू होते, आणि आमच्याकडची पत्रं वाढतात. या वेळची पत्रं वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली. बहुतेकांना अडचण कळली ती प्रयोगाच्या दिवशी, पण तालमीच्या पहिल्या पंधरवड्यातच ती फूटपट्टीने किंवा घड्याळाने मोजता आली असती. म्हणून उत्तरांत मिनिटं, फूट आणि वॅट जरा जास्त आले आहेत.

प्रश्न : युवक महोत्सवासाठी आमच्याच विद्यार्थ्याने लिहिलेली एकांकिका घेतली आहे. टँकरवर जगणाऱ्या गावाची गोष्ट आहे. सलग तालीम घेतली की 41 मिनिटं लागतात, वेळ 30 मिनिटांची. पात्रं 14. मुलं म्हणतात, "सर, जरा फास्ट बोलू, बसतंय." काय करावं?
(मराठीचे प्राध्यापक, अंबाजोगाई)

उत्तर : फास्ट बोलून बसणार नाही. बसलंच तर प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत काही कळणार नाही आणि पुढे तो ऐकायचं सोडून देईल. आधी वेळ नेमका कुठे जातो ते शोधा. ज्याला भूमिका नाही अशा एका विद्यार्थ्याच्या हातात संहिता आणि घड्याळ द्या. त्याने तीनच नोंदी करायच्या : प्रत्येक ब्लॅकआउट, म्हणजे दोन प्रवेशांमधला अंधार, किती सेकंदांचा, एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, आणि कुणी काही न करता नुसतं संगीत किती वेळ वाजतं.

समजा, तुमच्या एकांकिकेत 220 वेळा बोलणारा बदलतो. प्रत्येक वेळी एक सेकंद रिकामा गेला, तर 3 मिनिटं 40 सेकंद तिथेच गेले. नवखा नट समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देतो, मग श्वास घेतो, मग बोलतो. त्याला समोरच्याच्या शेवटच्या दोन शब्दांवर श्वास घ्यायला शिकवा. आठवडाभर बसून वाचनात एवढंच पक्कं केलं तर वेग आपोआप येतो आणि बोलणं घाईचं वाटत नाही. जिथे पॉज खरोखर हवा, तिथे संहितेत लाल चौकट करा. अर्ध्या तासात अशा पाच-सहा चौकटी पुरतात. बाकीचे सगळे पॉज तालमीत चुकून पडलेले असतात आणि पुढे सवयीने राहून जातात.

मग ब्लॅकआउट. सात ब्लॅकआउट 20 सेकंदांचे धरले तर 2 मिनिटं 20 सेकंद होतात. पहिला आणि शेवटचा ठेवा, मधले पाच काढा. रंगमंचाचे दोन भाग करा, एकीकडे हापसा आणि घागरींची रांग, दुसरीकडे सरपंचाची ओसरी. रांगेतली बाई घागर उचलून ओसरीपर्यंत चालत गेली की प्रवेश बदलला. त्यासाठी अंधाराची गरज नाही. सुरुवातीचं संगीत दीड मिनिटाचं असेल तर अर्ध्या मिनिटावर आणा. या तिन्ही गोष्टींत मिळून सव्वासहा मिनिटांच्या आसपास वाचतात, म्हणजे तुम्ही पावणेपस्तीसवर आलात.

आता संहिता कापावीच लागेल, आणि कापायची ती 27 मिनिटांपर्यंत. हशा येतो, टाळी पडते, एखादी घागर घरंगळत जाते. त्या तीन मिनिटांची सोय आधीच हवी. शिवाय इशारा मिळाला किंवा तुमच्यापैकी कुणी माइकवर परिचय सुरू केला, यातलं जे आधी होईल तिथून घड्याळ सुरू होतं, असा नियम सहसा असतो. परिचय दोन वाक्यांचा ठेवा.

कापताना प्रत्येक पानातून दोन-दोन ओळी खरवडू नका. त्याने लय जाते आणि वेळ फारसा वाचत नाही. अख्खा तुकडा काढा. प्रत्येक पानाच्या समासात एका ओळीत लिहा : 'या पानात नवीन काय घडतं?' दोन पानांसमोर तेच उत्तर आलं तर त्यातलं एक पान जाऊ शकतं. बहुधा पहिलं दीड पान जातं, कारण तिथे पात्रं एकमेकांना माहीत असलेलंच एकमेकांना सांगत असतात : "आपल्या गावात तीन वर्षं पाऊस नाही, ठाऊकच आहे तुला." रिकाम्या घागरींची रांग पडदा उघडताच तेच सांगते. लेखक तुमचाच विद्यार्थी आहे. कापलेली पानं त्याच्या समोर, त्याच्याशी बोलून काढा. त्याला न विचारता कापलं तर तो पुढचं नाटक तुमच्यासाठी लिहिणार नाही.

हे सगळं प्रयोगाच्या किमान दहा दिवस आधी संपवा. उशिरा कापलेलं वाक्य नटाच्या जिभेवर शिल्लक राहतं. ऐन वेळी एकजण जुनी ओळ बोलतो, दुसरा नव्या क्यूची, म्हणजे आपण बोलायचं त्याआधीच्या शब्दांची, वाट बघतो आणि दोघं एकमेकांकडे बघत उभे राहतात.

पात्रांचं गणित असं. महोत्सवात एकांकिकेला सहसा रंगमंचावर 9 आणि प्रकाश, संगीत, रंगभूषेसाठी 3 जण चालतात. यंदाचं विद्यापीठाचं पत्रक मात्र एकदा नीट वाचा. रांगेतल्या चार बाया दोनवर आणा. ग्रामसेवक आणि टँकरचालक एकाच नटाला द्या, अशा आणखी दोन जोड्या लावल्या की 14 चे 9 होतात, पण दोन एंट्रींमध्ये किमान दीड पान मोकळं हवं. कपडा बदलायला, पाणी प्यायला आणि श्वास खाली बसायला अडीच मिनिटं लागतात. पूर्ण वेश बदलण्याच्या भानगडीत पडू नका. आतला कपडा तोच, वर एकच ठळक खूण : ग्रामसेवकाला बगलेत फाइल आणि चष्मा, चालकाला गळ्यात दस्ती. आणि चाल वेगळी. चाल बदलली नाही तर खूण बदलूनही माणूस तोच दिसतो.

नेपथ्य लावायला आणि उतरवायला मिळून सहसा वेगळी 10 मिनिटं मिळतात. तेवढ्यात लागत नसेल तर ते नेपथ्य तुमच्या कामाचं नाही. लावण्याचीही तालीम घ्या, घड्याळ लावून, किमान चार वेळा. कोण काय उचलणार हे ठरलेलं हवं. 'सगळ्यांनी मिळून लावू' म्हटलं की दोघं लावतात आणि दहाजण सूचना देतात.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या एकांकिकेत नवरा बायकोला थप्पड मारतो. दिग्दर्शक सीनियर दादा आहे, तो म्हणतो खरी मार खाल्ल्याशिवाय रिॲक्शन येत नाही. दोन तालमींत माझा कान दुखायला लागला. नाही म्हटलं तर भूमिका जाईल का?
(विद्यार्थिनी, नांदेड)

उत्तर : ताई, आजपासून खरी थप्पड बंद. हे पान दादाला वाचायला द्या. कानावर बसलेल्या चापटीने पडदा फाटू शकतो. आणि खऱ्या थपडेने अभिनय उलट बिघडतो, कारण मार येणार हे माहीत असलेलं शरीर आधीच आखडतं आणि ते शेवटच्या रांगेतूनही दिसतं.

रंगमंचावरची थप्पड अशी बसवतात. मारणारा प्रेक्षकांकडे पाठ करून, किंचित तिरका उभा. मार खाणारी त्याच्या पलीकडे, प्रेक्षकांकडे तोंड करून. दोघांत एवढं अंतर की मारणाऱ्याने हात पूर्ण लांब केला तरी बोटं तिच्या गालापासून वीतभर लांब राहतील. हे अंतर ठरवून जमिनीवर दोघांच्याही पायाच्या जागी चिकटपट्टी लावा. आता क्रम. आधी दोघांची नजर मिळते. ही नजर म्हणजे 'मी तयार आहे' असा निरोप. ती मिळाली नाही तर हात उठतच नाही. मग हात मागे जातो, तो प्रेक्षकांना स्वच्छ दिसला पाहिजे. मग हात चेहऱ्यासमोरून आडवा जातो. त्याच क्षणी मार खाणारी पोटाशी, त्याच्या शरीराआड, स्वतःचे दोन्ही हात एकदा खणकन वाजवते आणि हात गेला त्याच दिशेला मान वळवते. आवाज आणि मान एकाच क्षणी आली की पहिली रांगसुद्धा दचकते.

पहिल्या दिवशी हे इतकं संथ करा की एक थप्पड पाच सेकंद चालेल. वीस वेळा संथ, मग वीस वेळा निम्म्या वेगाने. पूर्ण वेग तिसऱ्या दिवशी. प्रत्येक प्रयोगाआधीही दोनदा करून बघायचं. एकाने सभागृहाच्या दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवर बसून बघावं, कारण लबाडी पकडली जाते ती तिथून. राहिली रिॲक्शन. ती थपडेनंतरच्या दोन सेकंदांत असते. बाई गालाला हात लावते की मुद्दाम लावत नाही, हा खरा अभिनयाचा प्रश्न आहे. दादाने वेळ त्यावर घालवावा.

भूमिकेचं म्हणाल, तर महाविद्यालयात सांस्कृतिक विभागाचे प्राध्यापक असतात. तालमीत इजा होते हे त्यांना सांगणं म्हणजे तक्रारखोरपणा नव्हे, आणि त्यासाठी कुणाची भूमिका जाता कामा नये.

प्रश्न : गेवराईकडं आमचं गाव. गणपतीत शाळेच्या पटांगणात नाटक करतो. स्टेज 24 बाय 18. मागच्या साली लाइट पिवळी पडली, साउंडमधून घूंऽऽ आवाज येत होता, आन् नटाच्या तोंडात किडे जायले. यंदा काय करावं?
(मंडळाचा कार्यकर्ता)

उत्तर : तीन तक्रारींची तीन वेगळी कारणं आहेत.

लाइट पिवळी पडते ती व्होल्टेज उतरल्यामुळे. संध्याकाळी सात ते दहा गावातला भार सगळ्यात जास्त असतो आणि त्यात तुमचे हॅलोजन. 500 वॅटचा एक हॅलोजन साधारण सव्वादोन अँपिअर घेतो. असे सहा म्हणजे 3000 वॅट, तेरा अँपिअर. बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर एवढा भार टाकला तर वायर गरम होऊन मऊ पडते, आणि लांब वायरमध्ये व्होल्टेज अजून उतरतं. त्याऐवजी 100 वॅटचे सहा एलईडी फ्लड घ्या. सगळे मिळून 600 वॅट, तीन अँपिअरही नाही. घेताना पिवळसर उजेडाचे, म्हणजे 'वॉर्म व्हाइट' मागा. पांढऱ्याफेक उजेडात रंगवलेला चेहरा राखेसारखा दिसतो. एक अडचण राहते : हे दिवे साध्या डिमरवर मंद होत नाहीत. तेव्हा 'हळूहळू अंधार' हवा असेल तर दिवे एकेक करून बंद करायचे, मागून पुढे. नीट सराव केला तर ते छान दिसतं.

दिवे स्टेजच्या पुढच्या कडेला खाली ठेवू नका. हनुवटीखालून उजेड आला की सगळे भुतासारखे दिसतात. स्टेजसमोर दोन्ही बाजूंना, कडेपासून 12-15 फुटांवर दोन बल्ल्या रोवा आणि त्यांवर स्टेजच्या पातळीपासून साधारण 12 फूट उंचीवर प्रत्येकी तीन दिवे, दोन्हीकडून आत वळवून. एका बाजूच्या दिव्याची सावली दुसऱ्या बाजूचा दिवा पुसतो. तपासायची रीत सोपी आहे : स्टेजवर एकाला टोपी घालून उभं करा. टोपीखाली डोळे दिसले तर उंची बरोबर आहे.

'घूंऽऽ' हा आवाज बहुतेक वेळा दिवे आणि साउंड एकाच लाइनीवर असल्याने, नाहीतर अर्थिंग नसल्याने येतो. साउंडला वेगळी लाइन घ्या. दिव्यांची आणि माइकची वायर शेजारी शेजारी ओढू नका. एकमेकींना ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. भाद्रपदात जमीन ओली असते, लोखंडी पाइप असतात, नट अनवाणी असतात. म्हणून परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारं बटण, बसवून घ्या. महावितरण उत्सवासाठी तात्पुरती जोडणी देतं, ती घ्या. आकडा टाकून नाटक करू नका. याबाबत आमच्याकडे दुसरं मत नाही.

किडे उजेडाकडे येतात आणि पांढऱ्या-निळसर उजेडाकडे जास्त येतात. पिवळसर दिव्यांनी त्रास बराच कमी होईल. उरलेल्यासाठी स्टेजपासून 50-60 फुटांवर, प्रेक्षकांच्या मागे नव्हे तर बाजूला, एक झगझगीत पांढरा दिवा नाटकाच्या तासभर आधीपासून लावून ठेवा.

माइकचं एवढंच : स्टेजच्या कडेला फोमच्या तुकड्यांवर तीन, मध्ये एक आणि त्याच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ फुटांवर एकेक. स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला. स्पीकर मागे गेला की शिट्टी वाजणारच. साउंडवाल्याला बेस अगदी कमी करायला सांगा, नाहीतर फळ्यांवरच्या पावलांचा धडधड आवाज संवादाला खाऊन टाकेल. आणि त्याला संहितेची प्रत द्या. संगीत कुठे खाली आणायचं हे त्याला कागदावर दिसलं पाहिजे, विंगेतून केलेले हातवारे अंधारात दिसत नाहीत.

प्रश्न : विंगेतून प्रॉम्प्टिंग केलं तर प्रेक्षकांना ऐकू येतं, नाही केलं तर मुलं अडतात.
(शिक्षिका, सेलू)

उत्तर : प्रयोगाच्या आठ दिवस आधी पुस्तकं बंद करा आणि त्याच दिवशी प्रॉम्प्टिंगही बंद करा. अडलेल्या मुलाला सोडवायचं काम समोरच्या पात्राचं आहे. "मग तू पाटलाकडे गेला असशील?" असं विचारून त्याला वाटेवर आणायचं. हा खेळ तालमीत मुद्दाम खेळा. एकाला गुपचूप सांगा, 'आज या ओळीला अड', आणि बाकीचे काय करतात ते बघा.

प्रश्न : आमच्या संस्थेचं सभागृह सिमेंटच्या भिंतींचं, वर पत्रे. संवाद घुमतो. माइक लावले तर अजून घुमतो. मुलांना "मोठ्याने बोला" सांगून थकलो.
(क्रीडा व सांस्कृतिक शिक्षक, जालना)

उत्तर : "मोठ्याने बोला" ही सूचना अशा सभागृहात उलट काम करते. आवाज जेवढा मोठा, तेवढा भिंतीवरून परतून येतो आणि पुढच्या शब्दावर बसतो.

आधी सभागृहाचं बघा. मध्यभागी उभं राहून एकदा टाळी वाजवा. टाळीची शेपूट कुठल्या बाजूने येते ते कान देऊन ऐका. बहुधा ती रंगमंचासमोरच्या मागच्या भिंतीवरून येते. त्या भिंतीवर सतरंज्या, घोंगड्या, नाहीतर बारदान टांगा, भिंतीला चिकटवून नव्हे तर चार-सहा इंच सोडून. मधल्या हवेमुळे आवाज जास्त शोषला जातो. रंगमंचाच्या मागेही जाड पडदा हवा. रिकाम्या सभागृहात जेवढं घुमतं तेवढं प्रयोगाला घुमणार नाही, कारण माणसंही आवाज शोषतात. रंगीत तालमीलाच एक-दोन वर्ग आणून बसवा म्हणजे खरा अंदाज येईल. आणि पत्र्यावर पाऊस आला तर कुठलीच युक्ती चालत नाही. जुलै-ऑगस्टचा प्रयोग असेल तर पावसासाठी थांबायची जागा आधी ठरवून ठेवा, म्हणजे दोन प्रवेशांमधली अशी जागा की पाच मिनिटं थांबलं तरी गोष्ट तुटणार नाही.

आता नटांचं. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही शेवटी. नवखा नट वाक्याच्या सुरुवातीला जोरात असतो आणि शेवटाला श्वास संपून खाली येतो. "मी त्या घरात पुन्हा पाऊल ठेवणार नाही" यातलं 'नाही' गिळलं गेलं की प्रेक्षकाने ऐकलं, ही बाई परत जाणार. पुढचा अख्खा प्रवेश त्याला कळत नाही आणि दोष लेखकाला लागतो. 'मोठ्याने'ऐवजी 'शेवटचे दोन शब्द दे' असं सांगा. सराव असा : दोघांना 40 फुटांवर उभं करा. एकजण वाक्य बोलतो, दुसऱ्याला शेवटचे दोन शब्द स्पष्ट ऐकू आले तरच तो हात वर करतो. हात वर आला नाही तर तेच वाक्य पुन्हा, पण आवाज न वाढवता, श्वास वाचवून. लांब वाक्यात श्वास कुठे घ्यायचा त्याच्या खुणा संहितेत पेन्सिलीने करा. पंधरा दिवस रोज दहा मिनिटं एवढं पुरतं.

प्रश्न : आमच्या नाटकातलं गाव औसा तालुक्यातलं आहे. पण मुलं 'आवो', 'न्हवं', 'म्या' असं बोलतात आणि परीक्षकांनी 'बोली सिनेमातली वाटते' असं लिहिलं. बोली कशी बसवायची?
(नाट्यसंस्थेची दिग्दर्शिका, लातूर)

उत्तर : परीक्षकांचं म्हणणं मनावर घ्या. 'ग्रामीण मराठी' अशी एकच भाषा नाही. मराठवाड्यातसुद्धा बीड-जालन्याकडे 'मपलं-तुपलं' आणि 'कामून' ऐकू येतं, तर लातूर, नांदेड, धाराशिवकडे 'काय करूलालास' ही क्रियापदाची घडण. ही 'लालो-लालास' तुमच्या नाटकात नसेल तर बाकी कितीही शब्द गावरान घातले तरी औश्याचा माणूस म्हणेल, हे आमचं नाही.

बोली शब्दांआधी क्रियापदात आणि हेलात असते. त्या तालुक्यातल्या साठीच्या पुढच्या दोन माणसांशी त्यांच्या परवानगीने वीस-वीस मिनिटं बोलून मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, एक बाई आणि एक पुरुष. विषय पेरणीचा, लग्नाचा, कुठलाही. मग ऐकून कागदावर पंधरा नोंदी काढा : चालू काळ कसा बोलतात, भूतकाळ कसा, 'का' कसं विचारतात, होकार कसा देतात, आईला, सुनेला, मोठ्या भावाला हाक कशी मारतात. हा कागद प्रत्येक नटाच्या संहितेला टाचा आणि लेखकाकडून संहितेतली क्रियापदं त्याप्रमाणे बदलून घ्या. नटांवर सोडलं तर प्रत्येकाची बोली वेगळी होते आणि एकाच घरातले बाप-लेक दोन जिल्ह्यांचे वाटतात.

सगळ्या पात्रांना सारखी बोली देऊ नका. शाळेत शिकवणारा मुलगा घरात आईशी एक बोलतो आणि तहसीलमध्ये दुसरं, आणि त्या बदलातच त्याची गोष्ट दिसते. गावात मुस्लिम शेजारी असेल तर त्याला पुस्तकी हिंदी देऊ नका. आपल्याकडची दखनी, 'हौ', 'नक्को', 'कायकू' असलेली, त्याच्या तोंडी हवी. तीही ऐकून घ्या, चेष्टेसाठी वापरू नका.

प्रश्न : गावातली पोरं-बाया मिळून नाटक करायचं आहे. दोनदा सुरू केलं, दोनदा मोडलं. एकदा सोयाबीन आलं, एकदा नायक कारखान्यावर गेला.
(बचतगटाच्या कार्यकर्त्या, केज)

उत्तर : तुमची तारीख चुकते आहे, माणसं नाहीत. जूनमध्ये पेरलेलं सोयाबीन सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये काढणीला येतं आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या जातात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. या काळात बीड जिल्ह्यात प्रयोग ठरवला तर तो मोडणारच. दोन काळ चांगले : पेरणी आटोपल्यावर, जुलैच्या मध्यापासून गणपतीपर्यंत, आणि गुढीपाडव्यानंतर गावच्या जत्रेपर्यंत.

दुसरं, सगळ्यांना रोज बोलावू नका. मोठ्या कागदावर चौकट आखा, डावीकडे प्रवेश, वर पात्रांची नावं, जो प्रवेशात आहे त्याच्या घरात फुली. चौकट बघून रोज एकच प्रवेश घ्या आणि त्यातल्याच माणसांना बोलवा, रात्री साडेआठ ते दहा. दिवसभर खुरपून आलेल्या बाईला तासभर भिंतीला टेकून बसवलं तर ती चौथ्या दिवशी येत नाही, आणि तिचं बरोबर आहे. बाया येणार असतील तर तालमीची जागा वस्तीतली, उजेडाची हवी, आणि परत जाताना दोघी-तिघींनी मिळून जायचं हे पहिल्याच दिवशी ठरवा.

तिसरं, मुख्य तीन भूमिकांना पहिल्या आठवड्यापासून बदली माणूस तयार करा. तो त्याच नाटकात छोटी भूमिका करणारा असावा, म्हणजे तो तालमीला असतोच. आठवड्यातली एक तालीम बदली माणसांनाच द्या.

प्रश्न : फ्लॅट दर वेळी वाकतात आणि कापडाला झोळ पडतो. शिवाय टेम्पोत बसत नाहीत.
(हौशी नाट्यमंडळी, परभणी)

उत्तर : फ्लॅट म्हणजे भिंत दाखवायची कापडी चौकट. 8 बाय 4 फुटांचा फ्लॅट, 2 बाय 1 इंचाच्या लाकडी पट्ट्या, मध्ये निदान एक आडवी पट्टी आणि चारही कोपऱ्यांत आतून प्लायचे त्रिकोण, हा सांगाडा पुरतो. वाकतो तो ओल्या लाकडामुळे आणि कापड आधीच ताणून ठोकल्यामुळे. मांजरपाट नुसतं सपाट बसेल एवढंच ओढा, आधी मधल्या भागात ठोका, मग कोपऱ्यांकडे जा. नंतर खळीत व्हायटिंग (खडूची पांढरी भुकटी) कालवून पातळ हात द्या. वाळताना कापड स्वतःच आवळतं आणि तबल्यासारखं ताठ होतं. आधीच ताणलेलं असेल तर हेच आवळणं पट्टीला वाकवतं. फ्लॅट उभे नव्हे, आडवे ठेवून वाळवा. मागून काळा हात दिला नाही तर मागचा उजेड कापडातून झिरपतो.

'छोटा हत्ती' टेम्पोचा हौदा जेमतेम सात फूट लांब असतो, म्हणून आठ फुटी फ्लॅट फूटभर बाहेर राहतो. मागचं फाळकं उघडून, फ्लॅट तोंडाला तोंड लावून, मध्ये जुनी चादर घालून आडवे रचा आणि दोन ठिकाणी बांधा.

खेड्याचं घर दाखवायला तुऱ्हाट्या, पऱ्हाटी आणि कडबा जरूर वापरा, आपल्याकडे तो सहज मिळतो आणि रंगवलेल्या कापडापेक्षा खरा दिसतो. पण तो कोरडा असतो. हॅलोजनपासून किमान चार फूट लांब ठेवा, देवीच्या गोंधळाच्या प्रवेशात पेटती दिवटी असेल तर कडबा त्या बाजूला नकोच, आणि दोन्ही विंगांत वाळूची एकेक बादली हवी. दिवटीत तेल फक्त त्या प्रवेशापुरतं, दोन-तीन चमचे घालायचं.

प्रश्न : नाटककाराची परवानगी घ्यावीच लागते का? आम्ही तिकीट लावत नाही.
(विद्यार्थी प्रतिनिधी, हिंगोली)

उत्तर : प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा 1957 च्या कलम 52 मध्ये परवानगीशिवाय प्रयोग करायच्या दोन सवलती आहेत. एक शिक्षणसंस्थेच्या उपक्रमात विद्यार्थी-शिक्षकांनी संस्थेशी संबंधित प्रेक्षकांसमोरच केलेल्या प्रयोगाला, दुसरी हौशी मंडळाने फुकट प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला. पण स्पर्धेचे नियम याहून कडक असतात. राज्य हौशी नाट्य स्पर्धेला लेखकाचं परवानगीपत्र आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र लागतं. दोन अंकी नाटक कापून एकांकिका करणं, कथेचं नाट्यरूपांतर करणं, शेवट बदलणं या गोष्टी नुसत्या प्रयोगाच्या सवलतीत येत नाहीत; त्यासाठी लेखी परवानगी घ्याच. लेखक हयात नसेल तर मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क वारसांकडे असतो. पत्रात नाटकाचं नाव, प्रयोगाची तारीख, ठिकाण, स्पर्धेचं नाव आणि तुम्ही काय कापणार आहात ते स्पष्ट लिहा, आणि पत्र निदान दीड महिना आधी पाठवा, म्हणजे नकार आला तरी दुसरी संहिता निवडायला वेळ राहतो.